सव्वातीन इंच

नाना,

तुम्ही गेलात त्याला आज बारा दिवस झाले. संपादकांचे पत्र आले आहे. तुमच्याविषयी दोन रकाने लिहून पाठवावेत, असे ते म्हणतात. तुमचे जन्मगाव, मोजणी खात्यातली नोकरी, पेन्शनीत निघाल्यानंतरची कामे यांबद्दल मी लिहिणार नाही. घोडेगावात ती सगळ्यांना माहीत आहेत. मी रागावलेलो आहे, आणि बातमीचा मुद्दा खाली पुरून ठेवू नकोस हे तुम्हीच मला शिकवले आहे. म्हणून मुद्दा आधी सांगतो. तुमचा चालक सखाराम याने तुमची मोटार उलटवली नाही. तुम्ही निवडलेल्या कमानीने ती उलटली. हे सांगणारे तीन ओळींचे निवेदन मी तुमच्या हातात दिले होते. त्यावर सही न करता तुम्ही गेलात. सखारामचा परवाना रद्द झाला आहे आणि येत्या मंगळवारी पुण्याला त्याची शेवटची सुनावणी आहे.

वाचणाऱ्यांसाठी गाडीविषयी थोडे सांगणे भाग आहे. लढाईच्या आधीची, उघडी, लांबलचक, कापडी टपाची ती मोटार. आत सहा माणसे बसावीत अशी तिची रचना होती. मी तिच्यात नऊपेक्षा कमी माणसे कधी पाहिली नाहीत. घोडेगावहून तळेघरला जायला पावसाळा सोडून एक सर्व्हिस मोटार होती, तीही येईल तेव्हा खरी. बाकी सगळा पायी कारभार. त्या डोंगरात तुम्ही वीस वर्षे मोजणीची साखळी टाकत फिरलात, वाडीवाडीत लोकांच्या पडवीत झोपलात, त्यांची नाचणीची भाकरी खाल्लीत. नोकरी संपल्यावर गाडी घेतलीत आणि एकच नियम केलात. रस्त्यावर ज्याने हात केला त्याच्यासाठी गाडी थांबेल. कोंबड्यांची डालगी, भाताची रोपे, लग्नाचा ताशा, मास्तरांची ट्रंक, काय काय त्या गाडीत गेले याची यादी मी एकदा करायला घेतली होती. ती पुरी झाली नाही.

आत जागा नसली की माणसे फुटबोर्डावर उभी राहत. उजव्या अंगाला मडगार्डाच्या खोबणीत जादा चाक बसवलेले होते आणि चालकाचा हात त्याच बाजूने बाहेर येई, त्यामुळे उभे राहणारे सगळे डावीकडेच. सात वर्षे डाव्या बाजूला चार-चार, पाच-पाच माणसे लोंबली. शेवटी मागच्या डाव्या चाकावरची कमान खचली. कमान म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांची चवड, गाडीचे सगळे वजन जिच्यावर तोललेले असते ती. तिचा मधला एक पाटा तुटला आणि गाडी डाव्या पायाने लंगडणाऱ्या बैलासारखी चालू लागली.

तुम्ही गाडी जुन्नरला कादरभाईंकडे नेलीत. मी बरोबर होतो, कारण त्या दिवशी तिथला बाजार होता आणि मला भाजीच्या भावांची बातमी पाठवायची होती. कादरभाईंचे वडील टांग्यांच्या कमानी करत, कादरभाई मोटारींच्या करतात. त्यांच्याइतके पोलाद जाणणारा माणूस दोन तालुक्यांत नाही, हे तुमचेच वाक्य.

कादरभाईंनी गाडीखाली सरपटत जाऊन पाहिले आणि हात पुसत बाहेर आले.

"नाना, मुंबईस्नं जोडी मागवू. गाडीची असल कमान. दोनी बाजू एकसारख्या."

"किती दिवस टिकेल?"

"शहरात धा वर्सं. तुमच्या हाताखाली दोन."

"मग काय उपयोग?" तुम्ही म्हणालात. "ती कमान बंगल्यातून क्लबात जाणाऱ्या चार माणसांसाठी केलेली आहे, कादर. माझी गाडी चौदा माणसांची आहे."

"मंग लॉरीचे पाटे घालू. पर दोनी बाजूंना घालू."

"उजवीकडे कोण उभं राहतं? तिकडे जाड पाटे घातले तर गचक्यांनी नुसती दाढ हलेल. वजन डावीकडे आहे, जोर डावीकडेच हवा."

कादरभाई हसले. "एका पायात बूट आन् एका पायात वहाण घालून चाललाय कधी तुमी?"

"मोजून सांगतो," तुम्ही म्हणालात.

पुढचा तासभर जुन्नरच्या बाजाराने काम सोडले होते. तुम्ही गाडी सपाट जागी उभी करवलीत, खिशातून ओळंबा काढलात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांना बोलावून आत बसवायला लागलात. आळ्याचा एक भुसार व्यापारी आला तेव्हा तुम्ही म्हणालात, "शेट, तुम्ही दोघांच्या जागी." तो म्हणाला, "नाना, धरा की, पर मंग तळेघरापत्तूर न्या. फुकाट बसवून परत उतरवायचं असलं काय बरं न्हाई." बेल्ह्याच्या गुरांच्या बाजाराला निघालेला एकजण दावे हातात घेऊन उभा होता. त्याने विचारले, "राव, गाय बी चढवू का? तिचं बी माप हुईल." चौदा माणसे चढली, त्यांतली पाच डाव्या फुटबोर्डावर. तुम्ही डावीकडचे अंतर मोजलेत, उजवीकडचे मोजलेत, फळकुटावर आकडे लिहिलेत आणि कादरभाईंना सांगितलेत, डावीकडे लॉरीचे तीन पाटे, इतक्या उंचीची कमान. भरलेली गाडी ओळंब्याला सरळ उभी राहील.

कादरभाईंनी तेव्हा विचारलेला प्रश्न मला शब्दशः आठवतो.

"आन् नाना, रिकामी गाडी मोजली का?"

"रिकामी?" तुम्ही म्हणालात. "माझी गाडी रिकामी तू कधी पाहिलीस?"

सगळे हसले. आळ्याचे शेट हसले, गायवाला हसला, मी हसलो. मी त्यावर बारा ओळींची गमतीची बातमी पाठवली आणि ती छापून आली. तुम्ही ती कापून भिंतीवर लावली होती.

माझा राग या निवडीवर नाही, हे इथेच नोंदवतो. चूक मला समजते. ज्या माणसाने सात वर्षे कुणाला रस्त्यावर सोडले नाही, त्याला रिकामी गाडी डोळ्यांपुढे आणता आली नाही. तुम्ही कमान निवडलीत ती डोंगरातल्या माणसांच्या वजनाने. गाडीच्या निवडीत माणसे मोजणारा दुसरा मालक मला माहीत नाही. त्या दिवशी मला तुमचा अभिमानच वाटला होता.

त्याच दिवशी नवी कमान बसवली. महिना-दीड महिना गाडी छान चालली. भरलेली गाडी खरोखरच ओळंब्याला सरळ उभी राही.

अपघाताच्या दिवशी सखाराम सकाळी तळेघरला वऱ्हाड सोडायला गेला. सखाराम तिकडचाच, तळेघरच्या वरच्या वाडीचा. तुमच्या मोजणीत साखळीचे टोक धरणारा माणूस. पुढे तुम्हीच त्याला गाडी शिकवलीत आणि पुण्याला नेऊन परवाना काढून दिलात. त्या दुपारी तुम्हाला मंचरला जायचे होते. तळेघरच्या रस्त्याच्या दुरुस्तीचा अर्ज घेऊन इंजिनिअर साहेबांना भेटायचे होते आणि साहेब दोन वाजता निघून जाणार होते. तुम्ही सखारामला बजावलेत, "येताना कुणासाठी थांबू नकोस. सरळ ये." सात वर्षांत हे वाक्य तुम्ही पहिल्यांदा उच्चारलेत. मी ओट्यावर बसलो होतो, मी ऐकले.

घाट उतरल्यावर जे डावे वळण आहे, तिथे रस्ता बाहेरच्या बाजूला उतरता आहे. त्या वळणावर गाडी उजव्या अंगाला आडवी झाली आणि ओहळात गेली. सखाराम तिच्याखाली सापडला. उजवा हात कोपरात मोडला आणि वाकडाच जुळला. गाडीत दुसरे कुणी नव्हते.

दवाखान्यात त्याने तुम्हाला काय सांगितले ते मी लिहून घेतले होते.

"नाना, रिकामी असली की गाडी उजव्या अंगाला कलती व्हती. मला वाटलं माझंच मन. काटा ईसच्या वर न्हवता, आईशप्पत. वाटंत तिघांनी हात केला व्हता, दोन बाया आन् येक म्हातारा. म्या थांबलो न्हाई. थांबलो असतो तर ते डावीकडं उभं ऱ्हायलं असतं आन् गाडी सरळ चालली असती."

तुम्ही त्याच्या कपाळावर हात ठेवलात. त्याच संध्याकाळी पंचनाम्यात तुम्ही जबाब दिलात : गाडी मी स्वतः मोजून घेतली आहे, गाडीत दोष नाही. मालक असा जबाब देतो, तोही मोजणी खात्यातला माणूस, म्हटल्यावर पुढे काही उरत नाही. बेपर्वाईने व अतिवेगाने गाडी हाकली, असा शेरा पडला. सखारामचा परवाना गेला.

बातमी मी लिहिली. मथळ्यात 'बेफाम वेगाने' असे शब्द होते. नेहमीप्रमाणे पोस्टात टाकण्याआधी कागद तुमच्याकडे आणला. वीस वर्षे तुम्ही माझी प्रत्येक बातमी लाल-निळ्या पेन्सिलीने तपासलीत. 'प्रचंड जनसमुदाय' लिहिले की समासात 'किती?' 'भीषण आग' लिहिले की 'किती घरे?' एकदा मी 'लांब पूल' लिहिला म्हणून तुम्ही मला तिथे नेऊन पावले मोजायला लावली होती. मी बातमीदार झालो तो त्या 'किती?'मुळे झालो. त्याबद्दलची कृतज्ञता माझ्या रागाने कमी होत नाही, आणि राग तिच्यामुळे कमी होत नाही. त्या दिवशी तुम्ही कागद दोनदा वाचलात आणि परत दिलात. 'बेफाम'पुढे 'किती?' लिहिले नाहीत. मला ते तेव्हाच खटकायला हवे होते. मला वाटले, तुम्ही दुःखात आहात.

मला कळायला तीन महिने लागले. जुन्नरला गेलो असता कादरभाईंनी दुकानात बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "भाऊ, नानांनी मुंबईची जोडी मागवली. गाडी नीट झाली की तीच बसवायची म्हणाले. आदी बोललो तवा ऐकलं न्हाई." मग त्यांनी माझा कप पुन्हा भरला. "सखाचं काय झालं?"

सखारामचे काय झाले ते मी त्यांना सांगितले. तो भाताच्या खाचरात राबतो, वाकड्या हाताने. घोडेगावात आला तर अर्धा दिवस चालून येतो आणि तुमच्या गाडीला हात लावत नाही.

तुम्ही कमान बदललीत, जबाब बदलला नाहीत. मी त्या दिवसापासून तुमच्याशी भांडू लागलो. आपले भांडण दीड वर्ष चालले. तुमच्या ओट्यावर, बाजाराच्या वाटेवर, एकदा तर मारुतीच्या देवळात कीर्तन चालू असताना, इतके की बुवांनी थांबून आपल्याकडे पाहिले. तुमचे उत्तर दरवेळी एकच.

"रिकामी गाडी कलत होती हे कशावरून?"

"सखाराम सांगतो. कादरभाई सांगतात."

"सांगणं म्हणजे माप नव्हे. किती कलत होती? माप दाखव."

"माप कुठून आणू, नाना? गाडीची उजवी बाजू चेपली. जुनी कमान तुम्ही भंगारात घातली."

"मग मापाशिवाय बोलू नकोस."

मी दरवेळी गप्प झालो, कारण हा नियम मला तुमच्याकडूनच मिळाला होता आणि मला तो खरा वाटत होता. माझ्याकडे माप नव्हते. मी कादरभाईंना विचारले, त्यांच्याकडे फक्त चौदा माणसांचे आकडे होते. मी गाडीच्या कंपनीला पत्र लिहिले, उत्तर आले नाही. दीड वर्ष मी एक आकडा शोधत हिंडलो.

शेवटी तीन आठवड्यांपूर्वी मी आकड्याचा नाद सोडला आणि तुमच्यासाठी निवेदन लिहून आणले. तीनच ओळी होत्या. 'अपघाताच्या वेळी माझ्या मोटारीची मागची डावी कमान माझ्या सांगण्यावरून उजवीपेक्षा जड केलेली होती. रिकामी असताना गाडी उजवीकडे बरीच कलत असे. अपघाताचा दोष चालक सखाराम याच्याकडे नाही.' तुम्ही कागद घेतलात. "पाहतो," म्हणालात. त्यानंतर आठ दिवस तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत, आणि नवव्या दिवशी बोलायला राहिला नाहीत.

तुमच्या तिरडीला खांदा द्यायला सखाराम डोंगरातून आला होता. डाव्या खांद्यावर घेतली, उजवा हात वर जात नाही म्हणून.

सातव्या दिवशी तुमच्या पत्नीने, माईंनी, मला आत बोलावले. तुमच्या मोजणीच्या पेटीतून त्यांनी तो कागद काढून दिला. "दोन दिवस हा समोर घेऊन बसले होते," त्या म्हणाल्या. "दौत काढली, टाक काढला. मी विचारलं, काय लिहिताय? म्हणाले, तपासतोय."

तुम्ही तो तपासला होता. 'माझ्या सांगण्यावरून' खोडून 'माझ्या मोजणीवरून' केले होते. म्हणजे दोष तुम्ही अधिक नेमका स्वतःकडे घेतला होतात. दुसऱ्या ओळीतल्या 'बरीच' या शब्दाभोवती गोल होता, समासात नेहमीचा 'किती?' होता, आणि त्याखाली उत्तर. ते उत्तरही तुमच्याच अक्षरात : 'सव्वातीन इंच.' सहीची जागा कोरी होती.

मी तो आकडा पुन्हा वाचला. मग माईंना म्हणालो, "नानांची फील्डबुकं कुठे आहेत?"

मोजणीदाराच्या फील्डबुकात खाडाखोड चालत नाही. चुकले तर एक आडवी रेघ मारायची, बाजूला नवा आकडा लिहायचा. रबर लावायचे नाही, पान फाडायचे नाही. तुम्ही मला हे इतक्या वेळा सांगितले होते की माझ्याही वहीत मी रबर वापरत नाही. शेवटच्या वहीत मला ते पान सापडले. जुन्नरहून गाडी आणल्याच्या दुसऱ्या सकाळची नोंद होती. अपघाताच्या दीड महिना आधीची.

'मोटार. शाळेचे पटांगण, सपाट. भरलेली, काल जुन्नरला : कल शून्य. रिकामी : उजवीकडे सव्वातीन इंच. रिकामी चालवू नये.'

नाना, तुम्ही मोजली होती. सगळ्या जुन्नरसमोर प्रश्न हसण्यावारी नेलात आणि दुसऱ्याच सकाळी एकटेच जाऊन रिकामी गाडी मोजलीत. कादरभाईंचा प्रश्न बरोबर होता हे तुम्हाला चोवीस तासांत कळले होते. तुम्ही ते वहीत लिहिलेत आणि वही पेटीत ठेवलीत. कादरभाईंना सांगितले नाहीत, कारण चार लोकांत त्यांचे हसे तुम्हीच केले होते. सखारामला सांगितले नाहीत, कारण गाडी रिकामी जाणारच नव्हती. मग एके दिवशी साहेब दोन वाजता निघणार होते म्हणून तुम्ही स्वतः ती रिकामी पाठवलीत. आणि त्यानंतर दीड वर्ष मला म्हणत राहिलात, माप दाखव. माप तुमच्या पेटीत होते. मी ज्या ओट्यावर बसून भांडत होतो, त्याच्या मागच्या खोलीत.

पान फाडणे तुम्हाला जमले नाही, हे मी समजू शकतो. ते दाखवणे जमले नाही, हे मी समजू शकत नाही. तुमच्या चुका फार थोड्या होत्या, कदाचित म्हणूनच त्या बाळगायची सवय तुम्हाला नव्हती. हे कारण झाले. सखारामच्या कोपराला ते सांगून भागत नाही. दौत काढून, टाक काढून, माझा शब्द सुधारून, खरा आकडा लिहून तुम्ही थांबलात. सही म्हणजे चार अक्षरे. त्या चार अक्षरांच्या अलीकडे तुम्ही थांबलात.

मी माईंना विचारले, ही वही मी पुण्याला नेऊ का? त्यांनी वही पदराने पुसली. मग म्हणाल्या, "परत आण. त्यांच्या हातची आहे."

काल सखाराम आला होता. मी त्याला नोंद वाचून दाखवली, दोनदा. तो उंबऱ्यावर बसून जमिनीकडे पाहत होता.

"मोजलं व्हतं व्हय त्यांनी," तो म्हणाला.

"हो."

"मंग मला सांगायचं. सखा, रिकामी जरा हळू घे. येवढंच. म्या घेतली असती की."

यापेक्षा कठोर शब्द मला सुचलेला नाही, आणि त्याने तो रागाने म्हटला नाही. त्यानंतर बराच वेळ आम्ही मंगळवारी कोणत्या गाडीने निघायचे, कादरभाई जुन्नरहून कसे येतील, अधिकारी काय विचारतील, हे बोललो. मी म्हणालो, "ते विचारतील की मालकाने तुला सूचना दिली होती का. तू सांगायचं, नाही. सगळी गोष्ट त्या एका उत्तरावर आहे."

सखाराम म्हणाला, "भाऊ, त्ये म्या ठरवलंय. म्या सांगनार, नानांनी सांगितलं व्हतं, म्याच इसरलो."

"वेडा आहेस का तू? मग परवाना कायमचा गेला."

"जाऊ द्या. त्यांनी मला गाडी शिकवली. डोंगरात आमाला कुनी इचारत न्हवतं तवा त्यांनी साखळीचं टोक हातात दिलं. आता ते न्हाईत, आन् म्या कचेरीत हुबा ऱ्हाऊन म्हनू, ह्यांनी लपवलं? लोक काय म्हंत्याल नानांना?"

मी दोन तास त्याला समजावले. तो ऐकून घेत होता आणि मान हलवत होता. जाताना म्हणाला, "तुमी बी लई लिवू नका त्यांच्याबद्दल. चांगलं व्हते ते."

तुम्ही चांगले होता, नाना. त्याची साक्ष द्यायला तळेघरपासून घोडेगावपर्यंत हव्या तितक्या वाड्या आहेत, त्या मंगळवारी लागणार नाहीत. मंगळवारी लागणार आहे एक आकडा आणि एक 'नाही'. तुम्ही जिवंतपणी सखारामला गप्प बसून अडवलेत. आता तो तुमच्यासाठी खोटे बोलून स्वतःला अडवायला निघाला आहे, आणि हेही तुमचेच काम आहे. तुम्ही माणसांना इतका जीव लावून ठेवलात की तुमची चूकसुद्धा ती आपल्या अंगावर घेतात. ते तुम्हाला माहीत होते का, हे मला विचारायचे राहून गेले.

संपादकांना मी कळवले आहे की हा लेख रविवारच्या अंकात यावा, सोमवारीही चालणार नाही. सोबत माझ्या जुन्या बातमीची दुरुस्ती आहे. 'बेफाम वेगाने' हे शब्द चुकीचे होते; वेग ताशी वीस मैलांच्या आत होता; मालकाच्या मोजणीप्रमाणे रिकामी गाडी उजवीकडे सव्वातीन इंच कलत होती; ही गोष्ट चालकाला कुणीही सांगितलेली नव्हती. रविवारी पुण्यात हे वाचले जाईल, अधिकाऱ्यांच्या घरीही अंक जातो. मंगळवारी सखाराम उभा राहील आणि म्हणायचा प्रयत्न करील की नानांनी सांगितले होते. आता ते कुणी खरे धरणार नाही.